कागदावरचं दुसरं नाव

भोईवाडा, परळ
८ सप्टेंबर २०२५

दिनेशभाऊजी,

वयानं मी तुमच्याहून लहान आणि नात्यानं मोठी. पत्रात नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, हा घोळ माझ्या लग्नापासून सुटलेला नाही. दोन्ही पाठवते. हवं ते ठेवून घ्या.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, तुमच्या दादांचाही. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा. यात तुमच्याशिवाय अडलेलं एक काम आहे.

तुमच्या दादांची फुप्फुसं गेली आहेत. आतून कडक होत चाललीत आणि हे कुठल्याही औषधानं थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. घरात ऑक्सिजनचं यंत्र आणलंय. नाकाला नळी लावून ते दिवसभर खिडकीशी बसतात. पूर्वी खालून जाणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायचे, आता नुसता हात करतात. न्हाणीपर्यंत जाऊन आले की कितीतरी वेळ बोलता येत नाही. दौलत सावंत आणि गप्प, तुम्हीच विचार करा.

आता मुद्दा. एक दिवस असा येईल की हा ऑक्सिजन पुरणार नाही. मग हॉस्पिटलात विचारतील, घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं का? या आजारात माणूस मशीनवर गेला की सहसा परत उतरत नाही. हे आधी ठरवून ठेवावं लागतं. कोर्टानं तेवढा हक्क दिलाय. बरं होणं शक्य नसेल तर मला मशीनवर ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. आपल्याला बोलता येईनासं झालं की आपल्या वतीनं कुणी बोलायचं, तेही लिहायचं असतं. दादांनी ‘मशीन नको’ असं लिहिलं. बोलणारी म्हणून माझं नाव मी घातलंच होतं.

तर गेल्या आठवड्यात म्हणाले, अजून एक नाव घाल. तुमचं. आणि खाली वाक्य लिहवून घेतलं, की दोघं एकमतानं सांगतील तसं करावं.

नऊ वर्षांपूर्वी आई गेल्या, त्या दिवशी तुम्ही गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीसमोर दादांना म्हणालात, “तू आयेक मारलंस.” तेव्हा जे गावी गेलात ते गेलातच. आणि या माणसानं आपल्या शेवटच्या श्वासाचा निम्मा हिशेब तुमच्या हातात दिलाय. मी काय समजायचं?

रुपाली भायखळ्याहून आली, छोटा सिलिंडर खांद्याला अडकवून बापाला चाकाच्या खुर्चीतून कोर्टापर्यंत घेऊन गेली. बाहेर बसणाऱ्या नोटरीनं कागद घेतला आणि पहिलं विचारलं, “प्रॉपर्टी कुठची आहे?” दादांनी छातीवर हात ठेवला. “ही. पण बिल्डर घेत नाय.” नोटरीला हसावं की नाही कळेना. मलाही.

का तुमचंच नाव, ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही. तुम्ही फक्त रुपालीच्या नंबरवर फोन करून सांगा, की हे मान्य आहे की नाही. डॉक्टर विचारतात.

सुचित्रावहिनी


भोईवाडा
२१ सप्टेंबर २०२५

दिनेशभाऊजी,

उत्तर नाही, फोन नाही. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण पोस्टातून तशी पावती आली आणि त्यावर सही तुमची. ‘दि’ची वेलांटी अजून तशीच लांबलचक काढता.

मागच्या पत्रात मी लिहिलं, की तुमचंच नाव का ते मला ठाऊक नाही. ते खरं नव्हतं. थोडं ठाऊक आहे.

आपल्या चाळीचा गणपती पाच दिवसांचा, त्याच्या विसर्जनाच्या दिवशीची गोष्ट. चाळीच्या गणपतीचं गाऱ्हाणं इतकी वर्षं दादाच घालायचे. मी दादरची. देवाला असं उभं राहून, नावं घेऊन, वकील जजला सांगतो तसं मोठ्यानं मागतात हे मी इथे आल्यावर पाहिलं, आणि पहिल्या वर्षी पदरात तोंड लपवून हसले होते. नंतर मीच पुढे जाऊन उभी राहायला लागले. कुणाला नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुणाची कोर्टातली तारीख, सगळं दादांना पाठ. बाजूच्या चाळीतले लोक यायचे आणि आमचंही घाल म्हणायचे.

या वर्षी दादांना तीन शब्द सलग बोलता येत नाहीत. विठोबा परबांनी गाऱ्हाणं घातलं. नळीला नळी जोडून आम्ही दादांची खुर्ची दारापर्यंत आणली होती. सगळ्यांचं मागून झाल्यावर विठोबा आमच्या दाराकडे वळले.

“बा देवा म्हाराजा! आमचो दौलत आज खुर्चीत बसलो हा. त्याका पुढच्या वर्साक हंयसर उभो कर, आनि त्येच्याच तोंडून गाऱ्हाणा घालून घे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळ दणाणली.

मी म्हणाले नाही. डॉक्टरांनी मला त्याच आठवड्यात छातीचे फोटो दाखवले होते. पुढच्या वर्षी उभं राहणं होणार नाही हे मला माहीत होतं. मग ‘होय’ कशाला म्हणायचं?

दादा गर्दीकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

गणपती गेल्यावर मला म्हणाले, “तू व्हय म्हटलंस नाय.”

“डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हालाही माहीत आहे. होणार नाही ते कशाला मागायचं?”

“मागूक काय जाता?” म्हणाले. मग बराच वेळ श्वास जमवला. “गाऱ्हाणा म्हणजे रिपोर्ट नाय गो.”

दुसऱ्या दिवशी तुमचं नाव घालायला सांगितलं. मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये हे मलाही कळतं, पण भांडले. मी म्हटलं, मी तुमच्या उशाशी बसते, तुमच्या नळ्या धुते, आणि नाव त्याचं, ज्यानं नऊ वर्षांत एक फोन केला नाही? ते डोळे मिटून बसले. बोलायचं नसलं की आता त्यांच्याकडे चांगलं निमित्त असतं, दम लागलाय म्हणायचं.

तुम्हाला वाटत असेल, हिला कशाला एवढी घाई माणसाला मशीनवरून उतरवायची. म्हणून एक सांगते, जे त्या दिवशी गॅलरीत तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आईंच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता श्वास मशीन घेतंय, आजी नाही. मग काढा, म्हटलं. तर म्हणाले, तसं करायचा नियम आमच्याकडे नाही, तुम्ही घरी घेऊन जा. आणि दादांसमोर कागद ठेवला, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे.’ सल्ला त्यांचाच, आणि सही सल्ल्याविरुद्ध! दादांनी सही केली. आई आपल्या खोलीत, आपल्या गोधडीवर गेल्या. तुमची गाडी तेव्हा पनवेलला होती.

त्या एका ओळीपायी मी शाळेतून रिटायर झाल्यावर मृणालिनीबाईंच्या गटात शिरले. त्या दादरला राहतात, वकिली केलेल्या. आमची मागणी एवढीच, की राज्यानं यावर स्वतःचा कायदा करावा. कोर्टानं हक्क दिला, पण हॉस्पिटलात विचारलं की उत्तर ठरलेलं, वरून काही आलेलं नाही. डॉक्टर घाबरतात, घरचे घाबरतात, आणि शेवटी कुणातरी दौलतला आपल्याच आईच्या विरुद्ध सही करावी लागते. इंजेक्शन देऊन कुणाला मारा असं आम्ही म्हणत नाही. जे बरं करणार नाही ते लादू नका, एवढंच. लालबागला मसाला गल्लीत मी सह्या गोळा करते. मसाला कुटायच्या डंखावर नंबर लावून बसलेल्या बायका मिरचीच्या खकाण्यानं डोळे पुसत पुसत सह्या करतात. परवा एक म्हणाली, “सही घ्या बाई, पण माझ्या सासूला सांगू नका, तिला वाटेल तिच्याचसाठी केली.”

मी हसले. माझं उत्तर तयार असतं, भाऊजी. कुणीही काहीही विचारलं तरी.

फोन करा. रागावून का होईना.

सुचित्रावहिनी


भोईवाडा
१२ ऑक्टोबर २०२५

दिनेशभाऊजी,

तुमचं पार्सल मिळालं. गावाच्या बसवाल्यानं परळच्या पुलाखाली उतरवलं, रुपाली घेऊन आली. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, उकडे तांदूळ, सुकी सोलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी तांदूळसुद्धा परातीत ओतून बघितले. नव्हती.

याचा अर्थ काय लावायचा? होय? नाही? की नुसती सोलकढी करा? दादांना विचारलं तर म्हणाले, “आगळ धाडल्यान म्हणजे वाचल्यान.” वाचलंय हे मलाही कळलं. पुढे काय? त्या दिवशी अर्धी वाटी सोलकढी प्यायले आणि वाटी मांडीवर धरून बसून राहिले.

माझं डोकं चालेनासं झालंय. सांगू कुणाला? गटातल्या बायकांना सांगितलं तर त्या म्हणतील, सुचित्रा डळमळली. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तसेही माझ्यावर रागावलेलेच आहात.

विठोबांच्या सुनेला डेंग्यू झाला होता. आठवडाभर मशीनवर होती आणि चालत घरी आली. चाळीत पेढे वाटले. संध्याकाळी दादा मला म्हणाले, “मग माकाय लाव की मशीन.”

मी समजावलं. तिचा आजार वेगळा, तुमचा वेगळा, ती तरुण आहे, तिची फुप्फुसं धड होती. ते शांतपणे ऐकत होते.

“म्हायती हा,” म्हणाले. “तरी इचारलंय.”

“म्हणजे तुम्हाला मशीन हवंय का? तसं असेल तर कागद बदलू. तुमचाच कागद आहे.”

“नको.”

“मग विचारलंत कशाला?”

यावर ते हसले. हसल्यावर खोकला आला, खोकल्यावर ओठ निळे झाले, आणि मी ऑक्सिजन वाढवत बसले. मला आजपर्यंत कळलेलं नाही की त्यांना काय हवंय. सकाळी नको असतं. दुपारी विठोबांची सून खाली दिसली की हवं असतं. संध्याकाळी पुन्हा नको. कागदावर ‘नको’ आहे. कागद बरोबर की माणूस? आणि माणूस तर कोणत्या वेळचा?

याच गोंधळात परवा आम्ही आमदारांच्या कार्यालयात गेलो. कायद्याचा मसुदा द्यायचा होता. साहेब नव्हते, त्यांचा माणूस होता. त्यानं पानं उलटली आणि म्हणाला, “म्हणजे म्हाताऱ्यांना लवकर पाठवायचा कायदा?”

या प्रश्नावर मी नेहमी बोलते. मृणालिनीबाई मुद्दाम मागे सरकून मला जागा देतात. मी आईंची गोष्ट सांगते, ती सल्ल्याविरुद्धची सही सांगते, आणि समोरचा माणूस निदान खुर्चीत सरळ बसतो. परवा मी तोंड उघडलं आणि मला दादांचं “मग माकाय लाव की” ऐकू आलं. मी काहीच बोलले नाही. मृणालिनीबाईंनी सांभाळून घेतलं. जिन्यात मला म्हणाल्या, “सुचित्रा, घरी एवढं असताना तू यायला नको होतंस.” प्रेमानं म्हणाल्या. मला मात्र अपमान वाटला.

घरी आले ती फणफणतच. दादांना म्हटलं, आज माझं तोंड तुमच्यामुळे बंद झालं. आणि पुन्हा तेच विचारलं, की माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून दिनेशचं नाव घातलंत ना?

मग ते बोलले. एकेक वाक्य, मधे बराच श्वास. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुमच्यासाठीही आहेत.

“तुझा उत्तर ठरलेला. मशीन नको. त्येचाय ठरलेला. मशीन व्हया. माझा तेवढा ठरलेला नाय.” मग म्हणाले, “गाऱ्हाणा एकट्यान होणा नाय. एकान मागूचा, दुसऱ्यान व्हय म्हणूचा. तुम्ही दोघा भांडा. भांडान झाला की दोघांच्या तोंडात जा एकच रवात, ता माझा.”

म्हणजे आपण दोघं भांडून जे एक उत्तर उरेल, ते त्यांचं. मी म्हटलं, आणि तो बोललाच नाही तर?

“बोलतलो,” म्हणाले.

त्यांना एवढी खात्री कुठून आली मला माहीत नाही. मला तर तुमच्याशी भांडायलाही मिळेना. कधी नव्हे ते मला तुमचं ‘नाही’ ऐकायचं आहे, भाऊजी. तुम्ही नाही म्हणालात तर मला निदान कळेल मी कुठे उभी आहे. एकटीनं होय म्हणायची मला भीती वाटते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळी जवळ आली. फटाक्यांच्या धुरात डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. दारं-खिडक्या लावून किती जपायचं?

सुचित्रावहिनी


भोईवाडा
१४ नोव्हेंबर २०२५

दिनेशभाऊजी,

तुम्ही गावी पोचल्याचा फोन रुपालीला आला, तिनं मला सांगितलं. इथे होतात तेवढे दिवस आपण आल्या-गेल्याशी, भटजींशी, जेवणाच्या पानांशी बोललो. एकमेकांशी फारसं नाही. समोर बसून मला बोलता येत नाही, हे तुम्हीही बघितलंत. म्हणून पुन्हा पत्र.

त्या सकाळी तुम्ही फोनच्या त्या टोकाला होतात. या टोकाला काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं सांगते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांचा श्वास वर लागला. रात्रभर खाली फटाके चालूच होते. रुपाली आदल्या दिवसापासून इथेच होती म्हणून बरं. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तोंडावर मोठा मास्क लावला, तरी छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टर मनवा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी आमचा कागद वाचला, खरोखर वाचला, दोन्ही पानं. मग मला म्हणाल्या, “काकू, आता ठरवावं लागेल. ट्यूब घालायची का? इथे दोघांची नावं आहेत. दुसरे कुठे आहेत?”

कोकणात, म्हटलं. रुपालीनं तिच्या फोनवरून तुमचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला.

“काय गो रूपा?” तुम्ही म्हणालात. तुमच्या मागे कोंबडा आरवत होता. नऊ वर्षांनी आवाज ऐकला आणि मला सगळ्यात आधी वाटलं, अगदी दादांसारखा झालाय.

भाऊजी, मी कित्येक सभांतून बोलले आहे. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की मशीन लावू नका म्हणून सांगा. ते वाक्य मी लोकांना शिकवलंय. मला ते म्हणता येईना. ते म्हटलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, मग मी भांडले असते, आणि समोर तो माणूस श्वासासाठी धडपडत होता. किंवा तुम्ही होय म्हणाला असतात, आणि ते मला त्याहून सहन झालं नसतं.

मग माझ्या तोंडून ते निघालं. कसं, मला विचारू नका. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि माझी मालवणी म्हणजे दादरची मालवणी.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वळवली. “हो तुझो दौलत. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागत इलो. आज त्याच्यासाठी मी मागतंय. चुकलं तर पदरात घे. शुद्धीत असताना त्यानं सांगितलंय, त्याच्या घशात नळी नको. त्याला मशीनवर अडकवू नको, रे म्हाराजा.”

कोंबडा पुन्हा आरवला. मला वाटलं फोन तसाच ठेवून निघून गेलात.

मग तुम्ही म्हणालात, “व्हय म्हाराजा.”

स्वच्छ म्हणालात. मी ज्यासाठी तीन पत्रं लिहिली, राग राग केला, ते हेच होतं. तिथेच मी थांबायला हवं होतं. डॉक्टर पेन हातात घेऊन उभ्या होत्या.

मी थांबले नाही. “आणि पुढच्या वर्साक त्याका आपल्या दारात उभो कर,” मी म्हटलं. “त्याच्याच तोंडून गाऱ्हाणा घालून घे, रे म्हाराजा.” विठोबांचे शब्द. जे मला तेव्हा खोटे वाटले होते. ते खोटेच होते, मला त्या वेळीही माहीत होतं, आणि मी ते अख्ख्या वॉर्डासमोर मोठ्यानं मागितले. मला ते हवं होतं, भाऊजी. मशीन नको होतं आणि तो माणूस हवा होता. दोन्ही एका वेळी.

तिकडून तुमच्या रडण्याचा आवाज आला. रडतच तुम्ही दुसऱ्यांदा “व्हय म्हाराजा” म्हणालात.

आता जे तुम्हाला दिसलं नाही ते. दादांचे डोळे मिटलेले होते. मला वाटत होतं त्यांना काही ऐकू जात नाहीये. तुमच्या त्या दुसऱ्या ‘व्हय’नंतर मास्कच्या आत त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, पण शब्द ओळखू आला. ते पण ‘व्हय’ म्हणत होते. स्वतःच्या गाऱ्हाण्याला! ज्याचं गाऱ्हाणं त्यानं गप्प राहायचं असतं, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही गप्प बसा.” एवढंच बोलले मी त्यांच्याशी त्या सकाळी. तुम्ही फोनवर ते ऐकलं असेल आणि तुम्हाला म्हणाले असं वाटलं असेल. तुम्हाला नव्हते म्हणाले.

डॉक्टर मनवांना बिचाऱ्यांना काही कळेना. “काकू, म्हणजे मी काय लिहू?”

“ट्यूब नको,” मी म्हटलं. “दोघांचं एकमत आहे.”

मग वरचे डॉक्टर आले, त्यांनी दादांना तपासलं, कागद बघितला, फोनवर तुम्हाला पुन्हा विचारलं, सह्या केल्या. धाप कमी वाटावी म्हणून औषध सुरू केलं. दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पुढचं तुम्ही बघितलंतच. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, त्यांनी तुमचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. पाणी तुमच्याच हातचं घेतलं. या वेळी तुम्ही वेळेवर पोचलात, आणि मला त्याचा आनंद झाला. असा आनंद होणं बरोबर आहे का, तेही मला माहीत नाही.

आपण बरोबर केलं का, भाऊजी? हे तुम्हाला चौदा दिवस समोर बघूनही मी विचारू शकले नाही. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. त्यांना दुपारी हवं असायचं, आणि हे सगळं सकाळी झालं. मग मला त्यांचे ओठ आठवतात, ते दोन्हीला होय म्हणत होते. तिथे माझा विचार थांबतो. पुढे जातच नाही.

मृणालिनीबाईंचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात मंत्रालयात अधिकाऱ्यांसमोर मसुद्यावर बोलायचं आहे. दादांचं उदाहरण मी सांगावं अशी त्यांची इच्छा. कागद होता, डॉक्टरांनी मानला, सगळं व्यवस्थित झालं. मी म्हटलं, व्यवस्थित झालं नाही, नशिबानं झालं. त्या वेळी ड्युटीवर मनवाबाई होत्या. दुसरं कुणी असतं तर कागद बाजूला ठेवून म्हणालं असतं, वरून काही आलेलं नाही, घरी न्या, लिहून द्या. आणि तुम्ही गावाहून निघून पुन्हा पनवेलपर्यंतच पोचला असतात. या वेळी आपल्यापैकी कुणाला सल्ल्याविरुद्ध सही करावी लागली नाही. तेवढं मी सांगणार आहे. कुणी विचारलं की तुमच्या मिस्टरांना नक्की काय हवं होतं, तर मला माहीत नाही असंही सांगणार आहे. कायदा तरीही हवा. ज्याला माहीत नाही त्याला तर जास्तच हवा.

अजून एक मागणी केली मी. माणसानं दोन नावं द्यावीत, आणि त्यातलं एक न पटणाऱ्याचं असावं, असं मसुद्यात घाला. मृणालिनीबाई म्हणाल्या, “सुचित्रा, कायद्यात भांडण लिहिता येत नाही.” बरोबर आहे त्यांचं. पण मी अजून ऐकलेलं नाही.

आता माझं काम. मलाही माझा कागद करायचा आहे. मी धडधाकट आहे, घाबरू नका, पण धडधाकट असतानाच करायचा असतो. एक नाव रुपालीचं. ती माझी पोर आहे, माझ्यासारखीच विचार करते, तिचं उत्तर ठरलेलं असणार. दुसरं नाव तुमचं घालावं असं मनात आहे.

दादांनी तुम्हाला न विचारता घातलं होतं. मी विचारून घालणार. तुम्हाला पटत नसेल तर नाही म्हणा. पटत असेल तरी लगेच होय म्हणू नका, थोडं भांडा माझ्याशी.

नंबर आता उघडा ठेवलाय ना? मी रविवारी फोन करते.

सुचित्रावहिनी